गारगोटीची धार : आपल्या मातीतील पहिल्या कारागिरांचा इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत साधारणपणे धम्मदीक्षेचा इतिहास, माणगाव परिषद, राजर्षी शाहू महाराजांचे कार्य हे विषय येतात, ते आलेच पाहिजेत. यंदा आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. तो विषय म्हणजे दगड. लेणी आणि मूर्ती ज्यातून घडल्या त्या दगडाच्याही आधीचा, ज्याला फोडून माणसाने पहिली सुरी, पहिला विळा आणि बाणाचे पहिले टोक केले, तो नदीतला साधा गोटा.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आपल्या वस्तीतल्या एका पोराला कुणीतरी हिणवून म्हणाले, "तुमचा इतिहास १४ ऑक्टोबर १९५६ ला सुरू होतो, त्याच्या आधी तुमचं काय होतं?" पोरगा विहारात आला आणि हाच प्रश्न त्याने आम्हाला केला. अशा वेळी उत्तर द्यायच्या दोन सोप्या वाटा असतात. एक, मान खाली घालून गप्प बसायचे. दुसरी, छाती फुगवून सांगायचे की जगात जे जे जुने आहे ते सगळे आपलेच होते. दोन्ही वाटा आम्हाला पटत नाहीत. पुरावा बघून, जेवढे सिद्ध होते तेवढेच बोलायचे आणि तेवढे मात्र ठणकावून बोलायचे, ही तिसरी वाट. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे या आणि पाहा. दगडाच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः करता येते, कारण पुरावा आपल्या पायाखालीच पडला आहे.

आपल्या पायाखालचा दगड

कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक हा सगळा मुलूख काळ्या दगडाचा. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर बसत गेले आणि थंड होऊन हा खडक झाला. सह्याद्रीच्या कड्यांत जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. पन्हाळ्याच्या बाजूला डोंगरमाथ्यावर जो तांबडा जांभा दगड दिसतो, तो याच खडकावर लाखो वर्षे ऊन-पावसाचा मारा होऊन तयार झाला आहे.

या काळ्या दगडाचे उपकार आपल्यावर फार. जाते याचे, पाटा-वरवंटा याचा, घराची जोती आणि नदीचे घाट याचे. पण याच दगडाची सुरी करायला बसा म्हणजे समजते. नेहमीचा काळा दगड फोडला तर जाड कपची निघते, धार खरबरीत येते आणि लवकर मरते. याचे कारण असे की या दगडाचे कण एकसारखे बारीक नसतात. शिवाय कुठे बारीक पोकळ्या असतात, कुठे तो आतून कुजलेला असतो. टोला मारला की तडा आपल्याला पाहिजे तसा न जाता त्याच्या मनाला येईल तिकडे जातो.

म्हणजे हा दगड अगदीच निरुपयोगी होता का? तर तसेही नाही. मोठी, जड हत्यारे करायला त्यातला घट्ट दगड चालत असे. नेवाशाजवळ प्रवरा नदीच्या काठी चिरकी नावाचे ठिकाण आहे. तेथे १९६६ ते १९६९ या काळात गुडरून कोर्व्हिनस या विदुषींनी उत्खनन केले. अश्मयुगातल्या माणसांच्या हातकुऱ्हाडी तेथे सापडल्या. या कुऱ्हाडी करायला त्या लोकांनी डोलेराईट नावाचा घट्ट काळा दगड पसंत केला. लाव्हारस खडकाच्या भेगेत शिरून सावकाश गोठला की हा दगड भिंतीसारखा उभा राहतो. इतक्या साऱ्या काळ्या दगडांतून नेमका घट्ट दगड निवडायचा, याला डोळा लागतो. कोणत्याही शाळेत न गेलेल्या त्या माणसांना हा डोळा होता.

तेथूनच शेजारची दुसरी गोष्ट. नेवाशाच्या नदीकाठी डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांना जुन्या वाळू-गोट्यांच्या खालच्या थरात जड हत्यारे मिळाली आणि वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात लहान, नाजूक हत्यारे मिळाली. लहान हत्यारांचा दगडच निराळा होता. तो काळा दगड नव्हता, तर जास्पर, चर्ट, अकीक या जातीचा चकचकीत, गुळगुळीत दगड होता. काम बदलले तसा माणसाने कच्चा माल बदलला. आम्ही सूतगिरणीत काम करणारी माणसे, आम्हाला हे लगेच समजते. जाड सुताचा कापूस वेगळा आणि बारीक सुताचा वेगळा. चुकीचा कापूस लावला तर मशीन कितीही चांगले असो, सूत तुटतच राहणार.

गारगोटी आणि तिची भावंडे

हा चकचकीत दगड काळ्या दगडाच्याच पोटात जन्मतो. लाव्हारस थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहतो आणि पोकळ्या तयार होतात. पुढे हजारो-लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहते, त्या पाण्यात विरघळलेली सिलिका थराथराने आत बसते आणि पोकळी भरून जाते. थर अगदी सूक्ष्म कणांचे बसले तर कॅल्सेडनी होते. त्यात रंगीत पट्टे असले तर त्याला अकीक म्हणतात. तांबडा, अपारदर्शक असला तर जास्पर. आणि मोकळ्या जागेत सावकाश पैलू पडत गेले तर पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक होतो. ही सगळी एकाच घरची भावंडे, आणि आपण ज्याला गारगोटी म्हणतो तीही त्यांचीच बहीण. आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाणच गारगोटी नावाचे आहे, त्यामुळे हा शब्द काही आपल्याला परका नाही. काडेपेटी घरोघरी येण्याच्या आधी चकमक आणि गारगोटी यांच्यावरच चिलीम पेटत होती, हे जुनी माणसे सांगत.

काळा दगड पावसाने झिजतो, पण त्याच्या पोटातली ही गाठ झिजत नाही, कारण ती जास्त कठीण असते. ती सुटून ओढ्यात येते, ओढ्यातून नदीत येते आणि घासून गोल गोटा होतो. म्हणून जुन्या माणसाला खाण खणायची गरज पडली नाही. नदीने त्याच्यासाठी दगड निवडून, धुऊन काठावर मांडून ठेवला होता. पुराने नवा माल आणून टाकायचा आणि पाणी उतरले की माणसाने जाऊन हवा तो गोटा उचलायचा.

सगळीकडे हाच दगड होता असे मात्र नाही. आपल्या दक्षिणेला बेळगाव ओलांडून घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या खोऱ्यात गेलो की काळा दगड संपतो आणि क्वार्टझाईट नावाचा वालुकाश्मापासून बनलेला कठीण दगड लागतो. तिथल्या अश्मयुगीन माणसाने त्याच्याच कुऱ्हाडी केल्या. त्याहून पुढे, पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात, इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी एक जागा शोधली. तेथे चुनखडकाच्या फरश्या जमिनीतून वर आलेल्या होत्या. माणसे त्या फरश्या उचकटून तिथेच हत्यारे घडवीत बसत आणि ठोकायचे कठीण गोटे मात्र बाहेरून आणीत. म्हणजे तो दगडाचा कारखानाच होता. त्याचे वय सुमारे बारा लाख वर्षे मोजले गेले आहे. भारतात अशा हत्याराची पहिली शास्त्रीय नोंद रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे केली, त्याच्या आधी लोक हे दगड पाहत होते पण ओळखत नव्हते. काही ठिकाणी तर जुन्या घासलेल्या दगडी कुऱ्हाडी झाडाच्या पारावर देव म्हणून मांडलेल्या सापडल्या. माणसाने केलेल्या हत्याराला शेंदूर लागला आणि करणारा माणूस विसरला गेला!

दगड कसा पारखायचा

आता प्रत्यक्ष काम. चांगल्या दगडाची पहिली अट म्हणजे तो सगळीकडे सारखा पाहिजे. त्यात पदर नकोत, गाठी नकोत, आधीचा तडा नको. असा दगड काचेसारखा फुटतो, म्हणजे टोला मारलेल्या जागेपासून तडा वर्तुळाकार पसरत जातो आणि फुटलेल्या भागावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वलयांच्या खुणा उमटतात. एकदा हे समजले की तडा कुठे जाणार ते आधीच सांगता येते. सगळी कारागिरी या एका गोष्टीवर उभी आहे.

पारख करायच्या काही साध्या रीती आहेत. पहिली रीत आवाजाची. गोटा तळहातावर सैल ठेवून दुसऱ्या गोट्याने हलकेच ठोकायचा. खणखणीत वाजला तर दगड सलग आहे, बद्द वाजला तर आत तडा आहे. माठ घेताना आपल्या आया-बहिणी हेच करतात. पाट्याला टाकी लावायला दारावर येणाऱ्या वडार बाया नुसत्या आवाजावरून पाट्याची जात सांगायच्या, ते आम्ही लहानपणी ऐकले आहे. दुसरी रीत सालीची. नदीतल्या गोट्यावर मळकट साल असते, वरून आतला दगड कळत नाही. म्हणून कडेला एक लहान टोला देऊन साल उडवायची आणि आत बघायचे. जुन्या जागांवर असे एकच टोला देऊन टाकून दिलेले गोटे पडलेले असतात. ते बघून आम्हाला फार गंमत वाटते, कारण हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने 'हा नको' म्हणून नापास केलेला माल तो!

तिसरी रीत कठीणपणाची. गारगोटीच्या घराण्यातला कोणताही दगड काचेवर ओरखडा काढतो आणि लोखंडी सुरीने त्याच्यावर ओरखडा निघत नाही. पोकळ्यांत पांढरे कॅल्साईटही सापडते, ते दिसायला गारगोटीसारखेच, पण सुरीने सहज ओरखडते आणि त्यावर लिंबू पिळले तर बारीक बुडबुडे येतात. गारगोटीवर लिंबाचा काही परिणाम होत नाही. ही परीक्षा आपल्या मुलांना घरच्या घरी करून दाखवता येईल, खर्च एका लिंबाचा.

आणखी एक युक्ती त्या लोकांना सापडली, ती म्हणजे भाजणे. अकीक किंवा कॅल्सेडनी राखेत किंवा वाळूत पुरून मंद आचेवर सावकाश तापवली आणि तशीच सावकाश निवू दिली तर ती फोडायला सोपी होते, आणि त्यात लोहाचा अंश असेल तर पिवळट रंग जाऊन तांबडा येतो. घाई केली तर मात्र दगड तडकून सगळा माल वाया. गुजरातमध्ये रतनपूरचा अकीक भाजून खंबायतेच्या कारागिरांनी तांबडे मणी करण्याची जी परंपरा चालवली ती याच विद्येवर. खंबायतेचे कारागीर जमिनीत लोखंडी अणकुचीदार सळई रोवतात, तिच्यावर दगड टेकवतात आणि शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने वरून टोला देतात. मऊ शिंगामुळे टोला दबत जातो आणि नेमकी हवी तेवढीच कपची उडते.

पाते कसे काढत

उगाच ठोकून मिळते ती कपची. पाते वेगळे. पाते म्हणजे दोन्ही कडा समांतर असलेली लांब, पातळ पट्टी. ती काढायला आधी गोट्याला आकार द्यावा लागतो, त्याला गाभा म्हणतात. गाभ्याच्या एका बाजूला दोन्हीकडून बारीक टोले देऊन नागमोडी कणा तयार करायचा. मग वरून, बहुधा शिंगाची किंवा कठीण लाकडाची छिन्नी मध्ये धरून, त्या कण्याच्या डोक्यावर टोला द्यायचा. तडा कण्याच्या रेषेने सरळ खाली उतरतो आणि पहिले पाते सुटते. ते सुटले की गाभ्यावर दोन नव्या सरळ कडा तयार होतात, पुढची पाती त्या कडांच्या आधाराने निघतात. एकामागून एक, कोबीची पाने सुटावीत तशी. ताम्रपाषाण युगातल्या महाराष्ट्रातल्या गावांमध्ये अशी पाती ढिगाने सापडली आहेत. बोटाएवढी किंवा त्याहून लहान.

आता बाणाच्या टोकाविषयी. चित्रात बाण म्हटले की एक मोठे त्रिकोणी टोक दाखवतात. आपल्याकडे तसे फारसे नव्हते. पात्याचे तुकडे करून त्यांच्या चंद्रकोरी, त्रिकोण, टोच्या केल्या जात. आकार नखाएवढा, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा. त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. बाणाच्या काडीला खाच पाडून त्यात असे तुकडे डिंक-राळ लावून बसवायचे, एक टोकाला आणि बाकीचे कडेला. एक तुकडा तुटला तर बाण फेकायचा नाही, तेवढा तुकडा बदलायचा. वाकड्या लाकडात ओळीने पाती बसवली की विळा तयार. धान्याचे काड कापून कापून पात्याच्या धारेवर एक चकाकी येते, तिच्यावरून हे पाते विळ्याचे होते असे शास्त्रज्ञ आज सांगू शकतात. जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे डॉ. श. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. तिथे अशा पात्यांचा इतिहास पंचवीस हजार वर्षांच्या आसपास मागे जातो, आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही मिळाले. पोटाची सोय लागण्याच्या आधीच माणसाला गळ्यात माळ घालावीशी वाटली, हेही ध्यानात घ्यावे.

इनामगावचे गाव

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढे बरीच वर्षे डेक्कन कॉलेजने तेथे खोदकाम केले. त्यात डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांचा मोठा वाटा. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले एक सबंध गाव जमिनीखालून वर आले. शंभराहून जास्त घरे मिळाली. लोक जव पिकवीत, गुरे पाळीत, पाटाचे पाणी फिरवीत. रंगवलेली मडकी अशी की संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून त्या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडले. त्यांच्याकडे तांबे होते, पण थोडे आणि लांबून आलेले. म्हणून रोजचे कापणे, सोलणे, चिरणे सगळे दगडी पात्यांवर. तांबे कपाटातले आणि दगड कामातला.

या गावाच्या रचनेत एक गोष्ट दिसली, ती आपण नीट वाचली पाहिजे. मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते, ते गावच्या प्रमुखाचे असावे असे संशोधकांनी म्हटले. कुंभार, चुना भाजणारे, धातूचे काम करणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. कारागीर कडेला आणि सत्ता मध्यभागी, हे तीन हजार वर्षांपूर्वीही दिसते. मग यालाच जातिव्यवस्था म्हणायची का? आमचे म्हणणे, नाही. भट्टीचा धूर गावावर येऊ नये म्हणूनही भट्टी कडेला असू शकते. घराच्या जागेवरून शिवाशिव सिद्ध होत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना प्रस्तावनेतच सांगितले आहे की इतिहासकाराने खरे आणि खोटे, निश्चित आणि संशयाचे यांची निवड केली पाहिजे. जिथे दुवा तुटला तिथे त्यांनी तर्क जरूर केला, पण तर्काला तर्कच म्हटले. आपण त्यांचे अनुयायी आहोत तर हा कडकपणाही आपल्यात आला पाहिजे.

एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की ज्यांच्या हातावर गाव जगत होते त्यांची घरे मोठी नव्हती.

गारगोटीपासून अस्थिकरंडकापर्यंत

पुढे लोखंड आले. विदर्भात नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. हळूहळू दगडी पाते मागे पडले. पण दगडाची विद्या मेली नाही, तिने काम बदलले. नागपूरजवळ माहुरझरीला अकीकाचे मणी बनू लागले. पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी 'पेरिप्लस' या ग्रंथात नोंद करतो की पैठणहून रंगीत पट्ट्यांचे दगड मोठ्या प्रमाणात भडोच बंदराला जातात, आणि तिथून जहाजांनी पश्चिमेकडे. म्हणजे आपल्या ओढ्या-नाल्यांतला गोटा रोमन साम्राज्याच्या बाजारात पोचला होता.

आता कोल्हापूर. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातले भरभराटीचे नगर तिथे उजेडात आले. विटांची घरे, नाणी, मौल्यवान दगडांचे मणी. त्याच टेकडीवर काशाच्या वस्तूंचा साठा सापडला होता, त्यात समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती आहे, ती समुद्रापलीकडून आलेली. आपल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयाचे नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाले ते या मूर्तीमुळे. आपल्यातल्या किती जणांनी ते संग्रहालय आतून पाहिले आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकात याच कोल्हापुरात जमीन खोदताना विटांचा एक बौद्ध स्तूप सापडला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती आणि पेटीत स्फटिकाचा अस्थिकरंडक होता. पेटीवर ब्राह्मी लिपीत लेख आहे, त्याचा अर्थ असा की हे ब्रह्म नावाच्या माणसाचे दान आहे आणि धम्मगुप्ताने ते करविले. म्हणजे कोल्हापूरच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी धम्म होता, हे आमचे म्हणणे नाही, दगडाचे म्हणणे आहे. जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणीही हीच साक्ष देतात.

स्फटिक म्हणजे कोण, तर गारगोटीचाच भाऊ. ज्या दगडाने एके काळी हरणाच्या बरगडीत बाण रुतवला, त्याच जातीच्या दगडात पुढे कारुण्यमूर्ती तथागतांच्या संघाने पवित्र अस्थी ठेवल्या. पिप्रहवा येथे १८९८ साली जो स्तूप खोदला, त्यातही स्फटिकाचा करंडक निघाला. लोखंडाची छिन्नी स्फटिकावर चालत नाही, ती घसरते. त्याला त्याच्याहून कठीण दगडाची पूड पाण्यात कालवून महिनोन् महिने घासावे लागते. ते घासणारे हात कोणाचे होते? लेखात दात्याचे नाव आहे, करवून घेणाऱ्याचे नाव आहे, घासणाऱ्याचे नाही.

तरीसुद्धा बौद्ध लेण्यांत एक फरक दिसतो आणि तो आपल्याला अभिमानाचा आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव कोरले आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नोंद आहे. कान्हेरीला सोपाऱ्याच्या मणिकाराचे दान आहे, म्हणजे अकीक-स्फटिकाचे मणी घडवणाऱ्या कारागिराचे नाव दगडावर आले. राजा आणि सेठ यांच्या शेजारी कष्टकऱ्याचे नाव बरोबरीने कोरले जाणे, ही त्या काळची लहान गोष्ट नव्हती. धम्मपदातही बाण सरळ करणाऱ्या कारागिराचा दाखला शहाण्या माणसासाठी दिला आहे. ज्या हातांना पुढच्या काळात हलके म्हटले, त्या हातांची उपमा तथागतांनी मनाच्या शिस्तीला दिली.

यातून काय घ्यायचे

पहिली गोष्ट. दगड फोडणारा तो पहिला माणूस बौद्ध नव्हता, हिंदू नव्हता, ब्राह्मण नव्हता, महार नव्हता. हे शब्द जन्मायला अजून हजारो वर्षे होती. म्हणून तो कुणा एका समाजाच्या मालकीचा नाही. पण त्याची विद्या ही कष्ट करणाऱ्यांची विद्या होती, डोळ्यांची, कानांची आणि मनगटाची. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि तिच्यासाठी कुणाच्या जन्माचा दाखला लागला नाही. पुढे ज्या व्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला खालचा ठरवले, ती निसर्गाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. जातीने नुसते काम वाटले नाही तर कामगारच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. तेव्हा त्या पोराला आमचे उत्तर असे : १९५६ ला आपला इतिहास सुरू झाला नाही, १९५६ ला आपण आपल्या हाताने त्याला वळण दिले. त्याच्या आधीचा माणसाच्या कष्टाचा इतिहास जेवढा सगळ्यांचा, तेवढाच तुझाही आहे.

दुसरी गोष्ट. कारागिरीचे कौतुक करताना कारागिराची छाती विसरू नये. खंबायतेचा अकीक दिसायला सुंदर, पण त्याची धूळ फुप्फुसात साचून तिथल्या घासणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो आणि ती माणसे तरुणपणीच जातात. कापसाच्या धुरळ्यात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मालुंक्यपुत्ताला तथागतांनी विषारी बाणाचा दृष्टांत सांगितला, की बाण कोणी मारला, कशाचा होता हे विचारत बसू नकोस, आधी तो बाहेर काढ. इतिहास जरूर शिकावा, पण आजच्या कामगाराच्या छातीतला बाणही काढावा.

तिसरी गोष्ट, करण्याची. नदीकाठच्या जुन्या जागा वाळू उपशाने, वीटभट्ट्यांनी आणि सपाटीकरणाने झपाट्याने नष्ट होतात. शेतात किंवा ओढ्याकाठी चकचकीत दगडाची समांतर धारेची पट्टी दिसली, तिच्या एका टोकाला टोल्याचा फुगवटा असला आणि जवळ तशाच कपच्या व गाभे पडलेले असले, तर समजावे की हे नदीचे काम नाही, माणसाचे आहे. एकच सुटा तुकडा बघून मात्र निकाल देऊ नये. अशी जागा दिसली तर माल गोळा करून घरी आणू नका. जागेवरून हलवलेला पुरावा मुका होतो. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि वस्तुसंग्रहालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि गारगोट्या फोडून बघायची हौस कुणाला झालीच तर डोळ्यांना चष्मा लावा, तोंडाला फडके बांधा आणि उघड्यावर बसा. तिची कपची काचेसारखीच कापते.

विहाराच्या रविवारच्या संस्कार वर्गाला आम्ही एक सूचना करतो. वर्षातून एक दिवस मुलांना टाऊन हॉल संग्रहालयात, एक दिवस पोहाळ्याच्या लेण्यात आणि एक दिवस उन्हाळ्यात पंचगंगेच्या काठी घेऊन जावे. हातात एक लिंबू, एक काचेचा तुकडा आणि एक वही असावी. मुलांनी दगड वाजवावा, ओरखडावा, लिहून काढावा आणि कुणी काही सांगितले तर विचारावे, "पुरावा काय?" हा प्रश्न विचारणारी पिढी तयार झाली तर आपल्या विहाराचा वर्धापन दिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे आम्ही समजू.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!